पाटीलबावा महादजी शिंदे

(अठराव्या शतकात मराठ्यांचे राज्य एका राजाच्या हातात राहिले नव्हते. अनेक सरदार घराण्यांचा तो एक मोठा संघ झाला होता. हा संघ कसा चालत होता, त्याला बळ कोठून मिळत होते आणि तो पुढे का मोडला, हे महादजी शिंदे यांच्या चरित्रातून चांगले समजते. बीड शहराशीही या चरित्राचा जवळचा संबंध आहे.)

बीड शहरात सूफी साधू मन्सूरशाह यांचा दर्गा आहे. दर्ग्याला येणाऱ्या भाविकांत हिंदू आणि मुसलमान दोघेही असतात. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने या पीरांना आपले गुरू मानले. ग्वाल्हेर बीडपासून शेकडो मैल दूर आहे, तरीही तेथे मन्सूरशाहांचा उरूस साजरा होत आला आहे. हे नाते ज्यांच्यामुळे जुळले, ते म्हणजे महादजी शिंदे. महादजी कृष्णाचे भक्त होते. त्यांनी भक्तिपर पदे रचली. त्याच वेळी बीडच्या पीरांवरही त्यांची मनापासून श्रद्धा होती. या दोन गोष्टी त्यांना एकमेकींच्या आड येणाऱ्या कधी वाटल्या नाहीत.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमारास झाला. त्यांचे वडील राणोजी शिंदे हे सातारा भागातील कण्हेरखेड गावच्या पाटील घराण्यातले. राणोजी पेशव्यांच्या पदरी अगदी साध्या चाकरीवर होते. पेशव्यांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते, असे सांगतात. पुढे पहिल्या बाजीरावांनी त्यांचे गुण ओळखले आणि त्यांना माळव्यात सरदार केले. महादजी हे राणोजींचे सर्वांत धाकटे पुत्र. थोरल्या भावांच्या सावलीत त्यांचे बालपण आणि तारुण्य गेले. पुढे एवढे मोठे घराणे त्यांच्या हाती येईल, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

पण युद्धांनी ते घर रिकामे केले. थोरले भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोरजवळ मारले गेले. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये यमुनेच्या बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची मोठी लढाई झाली. त्या पराभवात जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी शत्रूच्या हाती सापडले आणि मारले गेले. महादजीही त्या दिवशी रणांगणावर होते. माघार घेताना एका अफगाण स्वाराने त्यांना गाठले आणि त्यांच्या पायावर घाव घातला. रक्ताने माखलेले महादजी रस्त्याच्या कडेला पडून राहिले.

तेथून राणेखान नावाचा एक भिश्ती चालला होता. पखालीतून सैन्याला पाणी पुरवणे हे त्याचे काम. जिकडे तिकडे पळापळ चालली होती. कोणी कोणाकडे वळून पाहत नव्हते. राणेखान मात्र थांबला. त्याने जखमी महादजींना उचलून आपल्या बैलावर घातले आणि सुखरूप दक्षिणेकडे आणले. महादजी जन्मभर लंगडत चालले. पण जिवंत राहिले. हे उपकार ते कधी विसरले नाहीत. त्यांनी राणेखानाला भाऊ मानले आणि त्याच नात्याने वागवले. पाणक्याचे काम करणारा राणेखान पुढे त्यांच्या फौजेचा सेनापती झाला.

पानिपतानंतर शिंद्यांच्या सरदारकीचा वारस कोण, हा वाद काही वर्षे चालला. येथेच मराठा संघाचा पहिला नियम आपल्याला दिसतो. सरदार मरण पावला म्हणजे त्याचा मुलूख आपोआप मुलाला मिळत नसे. नव्या वारसाने पुण्याच्या दरबाराला नजर द्यावी लागे आणि पेशव्यांकडून सरदारकीची वस्त्रे घ्यावी लागत. रघुनाथरावांचा कल दुसऱ्या वारसांकडे होता. थोरल्या माधवराव पेशव्यांनी मात्र महादजींची योग्यता ओळखली आणि १७६८ मध्ये त्यांना सरदारकी दिली.

आता हा संघ कसा चालत होता, ते पाहू.

संघाच्या शिरोभागी साताऱ्याचे छत्रपती होते. सर्व अधिकार त्यांच्या नावाने चालत. शाहू छत्रपतींच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७४९ नंतर, खरी सत्ता पुण्याला पेशव्यांकडे आली. तरीही नव्या पेशव्याला साताऱ्याहून वस्त्रे आल्याशिवाय त्याचा अधिकार पुरा मानला जात नसे. पुण्यात पेशव्यांचे हुजूर दफ्तर होते. साऱ्या मुलखाचे हिशेब, सनदा आणि हुकूम तेथे लिहिले जात. या दफ्तराचे प्रमुख फडणीस. बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस याच पदावरून पुढे राज्याचे मुख्य कारभारी झाले.

पुण्याबाहेर मोठी सरदार घराणी होती. उज्जैन आणि पुढे ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर, बडोद्याला गायकवाड, नागपूरला भोसले, धार आणि देवासला पवार. प्रत्येकाची स्वतःची फौज होती. फौजेच्या खर्चासाठी त्यांना मुलूख तोडून दिलेला असे. त्याला सरंजाम म्हणत. सरदाराने ठरलेली फौज ठेवावी, हुकूम येताच ती घेऊन हजर व्हावे आणि हिशेब पुण्याला पाठवावा, अशी अपेक्षा असे. हिशेब खरा यावा म्हणून पुण्याचा दरबार सरदारांच्या मुलखात फडणीस, मुजुमदार असे आपले दरखदार नेमत असे. ते सरदाराच्या कचेरीत बसत. पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार सरदाराला नसे. सरदारांचे वकील पुण्यात राहत आणि पुण्याचे वकील दिल्ली, हैदराबाद अशा दरबारांत राहत. रोजच्या बातम्या पत्रांतून इकडून तिकडे जात. संघाचा हा सारा गाडा कागदावर आणि विश्वासावर चालत असे.

या कारभारातले शब्द पाहा. वकील, दफ्तर, सनद, नजर, हुजूर, हिशेब हे शब्द तुम्ही घरी आणि शाळेत रोज ऐकता. पेशवा हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ पुढे चालणारा, पुढारी. फडणीस हा फर्दनवीस या शब्दावरून आला आणि मुजुमदार हा मजमूआदार या शब्दावरून. सरंजाम हा शब्दही फारसीच. मराठ्यांचा राज्यकारभार मराठीत चालत होता. पण त्याची बरीच अवजारे फारसीतून घेतलेली होती. दक्खनमधील सुलतानांच्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या माणसांनीच हा कारभार पुढे नेला. म्हणून हा इतिहास एका समाजाचा नाही, सगळ्यांचा आहे.

संघाला पैसा कोठून येत असे? मोठा भाग चौथाई आणि सरदेशमुखीचा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीच्या बादशहाकडून दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर हे हक्क मिळवले. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. औरंगाबादचा सुभा या सहांपैकी एक होता आणि आजचा बीड परिसर त्यात येत होता. येथे राज्य निजामाचे आणि चौथाईचा हक्क मराठ्यांचा, अशी स्थिती होती. एकाच गावात निजामाचा अंमलदार येई आणि मराठ्यांचा कमाविसदारही येई. या दुहेरी अंमलाला दुअमली म्हणत. शेतकऱ्याला मात्र शेत एकच होते. पाऊस पडो न पडो, दोघांनाही तोंड द्यावे लागे. जे लोक पैसा देत होते, त्यांना संघाच्या कारभारात बोलण्याची जागा नव्हती. ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव होती.

महादजींना सरदारकी मिळाली, तेव्हा पानिपताचा कलंक धुऊन काढणे हेच सर्वांच्या मनात होते. १७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली. या मोहिमेत एकटे महादजी नव्हते. तुकोजी होळकर, विसाजी कृष्ण बिनीवाले असे इतर सरदारही होते. इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादला राहिलेला बादशहा शाहआलम जानेवारी १७७२ मध्ये महादजींच्या सोबतीने दिल्लीच्या गादीवर परत आला. संघाने एकत्र येऊन काम केले की काय साधते, हे सर्वांनी पाहिले.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माधवराव पेशवे वारले. ऑगस्ट १७७३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा पुण्यात शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव पेशवे होऊ पाहत होते. आता संघापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. पेशवाच नसेल, तर हुकूम कोणाचा? तेव्हा नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर मुत्सद्दी एकत्र आले. त्यांच्या मंडळाला बारभाई म्हणतात. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर तिला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली. तेच सवाई माधवराव. पाळण्यातले मूल राज्याचे प्रमुख झाले आणि त्याच्या नावाने मंडळाने कारभार चालवला. माणूस लहान असला, तरी पद मोठे असते, हे बारभाईंनी दाखवून दिले. महादजी सुरुवातीला काही काळ डळमळीत होते. पण शेवटी ते बारभाईंच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेचा तह केला आणि त्यातून इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध पेटले. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची इंग्रज फौज घाट चढून पुण्यावर चालून आली. महादजींनी समोरासमोर लढण्याची घाई केली नाही. वाटेवरचा दाणागोटा आणि चारा शत्रूच्या हाती लागू दिला नाही. त्याच्या मागच्या वाटा बंद केल्या. शेवटी वडगाव येथे इंग्रजांना शरण येऊन तह करावा लागला. उत्तरेत मात्र पुढच्या वर्षी इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि १७८१ मध्ये महादजींच्या मुलखात शिरून त्यांना हरवले. दोन्ही बाजू थकल्या होत्या.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांकडून महादजी बोलणी करत होते. साष्टी इंग्रजांकडे राहिली. रघुनाथरावांना इंग्रजांनी यापुढे मदत करू नये आणि त्यांना नेमणूक मिळावी, असे ठरले. दोन्ही पक्ष तह पाळतील, याची हमी महादजींनी घेतली. लढाईतला एक पक्ष दोन्ही पक्षांचा जामीन झाला, ही विलक्षण गोष्ट होती.

पण संघाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. महादजींनी बोलणी केली, तरी पुण्याची मंजुरी मिळेपर्यंत तह पुरा झाला नव्हता. नाना फडणीसांनी ती मंजुरी कित्येक महिने दिली नाही. मैसूरचे हैदर अली त्या वेळी मराठ्यांचे दोस्त होते आणि इंग्रजांशी लढत होते. दोस्त रणात असताना शत्रूशी तह करायचा, तर आपले वजन कमी होते, असा नानांचा हिशेब होता. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर अली वारले आणि मग पुण्याने तह मान्य केला. महादजींना रणांगण दिसत होते. नानांना सारा हिंदुस्थान दिसत होता. दोघेही आपापल्या जागी चुकीचे नव्हते. पण येथूनच दोघांच्या मनात एकमेकांविषयी संशय वाढू लागला.

तहानंतर महादजी उत्तरेकडे वळले. १७८४ मध्ये बादशहा शाहआलमने पेशव्यांना वकील-ए-मुतलक हे पद दिले. बादशहाच्या वतीने सर्व कारभार पाहणारा, असा त्याचा अर्थ. पेशवे पुण्यात, म्हणून त्यांचे नायब या नात्याने ते काम महादजींकडे आले. महादजींची स्थिती कशी होती पाहा. दिल्लीत ते बादशहाच्या वकिलाचे नायब. पुण्याच्या दृष्टीने ते पेशव्यांचे सरदार. पेशवे साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रधान. हातात फौज आणि सत्ता खुद्द महादजींच्या. पण प्रत्येक कागदावर नाव वरच्याचे. सर्वांना मान देऊन काम आपण करायचे, ही त्यांची रीत होती. इतके वैभव मिळूनही लोकांनी आपल्याला पाटील म्हणावे, हेच त्यांना आवडत असे. म्हणून ते पाटीलबावा या नावाने ओळखले गेले.

उत्तरेचा कारभार सोपा नव्हता. बादशाही खजिना रिकामा होता. फौजेचा पगार थकलेला होता. महादजींनी जयपूरकडे खंडणीची थकबाकी मागितली. जयपूर आणि जोधपूरचे राजपूत एकत्र आले. १७८७ मध्ये लालसोट येथे लढाई झाली आणि ऐन वेळी महादजींच्या हाताखालील बादशाही पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजींना मागे हटावे लागले. दिल्ली हातची गेली. त्यांनी पुण्याकडे मदत मागितली. मदत आली, पण उशिरा आली. नानांनी तुकोजी होळकर आणि अलीबहादूर यांना पाठवले. अलीबहादूर हे पहिल्या बाजीरावांचे आणि मस्तानीचे नातू. एका सरदाराचे बळ फार वाढू नये म्हणून त्याच्या शेजारी दुसरा सरदार नेमायचा, ही पुण्याची जुनी पद्धत होती. तिचा फायदा असा की कोणी एकटा डोईजड होत नसे. तोटा असा की शत्रूपेक्षा आपलाच सोबती डोळ्यांत खुपू लागे.

याच गडबडीत रोहिला सरदार गुलाम कादिर दिल्लीत शिरला. पैशाच्या लोभाने त्याने राजवाडा लुटला आणि ऑगस्ट १७८८ मध्ये वृद्ध बादशहाचे डोळे काढले. ही बातमी ऐकून सारा देश हळहळला. महादजींनी सैन्य पाठवले. त्या सैन्याचे नेतृत्व कोणाकडे होते? राणेखानाकडे. ज्याने एकदा एका जखमी शिपायाला बैलावर घातले होते, तोच आता दिल्लीच्या बादशहाच्या सुटकेसाठी निघाला होता. दिल्ली घेतली गेली. आंधळा शाहआलम पुन्हा गादीवर बसला. गुलाम कादिर पकडला गेला आणि त्याला मृत्यूची शिक्षा झाली.

पुढे महादजींनी आपली फौज नव्या पद्धतीने उभी केली. सव्हॉय येथील द बॉइन नावाच्या सेनानीने कवायती पलटणी तयार केल्या. त्यांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून दुआबातला मुलूख वेगळा तोडून दिला. या पलटणींच्या बळावर १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे महादजींनी मोठे विजय मिळवले.

जून १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले. बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक पदाची सनद आणि मानाची वस्त्रे त्यांनी आणली होती. आपण छत्रपतींचे सेवक. मग पेशव्यांनी बादशहाचे मान कसे घ्यावेत, असा प्रश्न पुण्यात निघाला. शेवटी साताऱ्याच्या छत्रपतींची संमती घेऊन समारंभ झाला. दरबाराला जाताना महादजी दूरच हत्तीवरून उतरले. मोठमोठ्या सरदारांच्या खाली, अगदी शेवटी जाऊन बसले. तरुण पेशवे आले, तेव्हा त्यांनी काखेतून नवे जोडे काढून त्यांच्या पायांपुढे ठेवले. वडिलांची चाकरी तीच आपली चाकरी, असा त्याचा अर्थ होता. काहींना हे नाटक वाटले. काहींना खरी नम्रता वाटली. पण पद आणि माणूस यांतला फरक महादजींना नेमका ठाऊक होता, एवढे खरे.

पुण्यात हिशेबाचे भांडण होते. उत्तरेच्या मोहिमांत आपला अफाट खर्च झाला, तो पुण्याने द्यावा, असे महादजींचे म्हणणे. उत्तरेतून आलेल्या पैशाचा हिशेब आधी द्या, असे नानांचे म्हणणे. हा वाद कोण सोडवणार? संघात असे न्यायालय नव्हते, की ज्याचा निकाल पेशवे आणि सरदार दोघेही मानतील. सर्व सरदार दरवर्षी एकत्र बसून बोलतील, अशी सभा नव्हती. सर्वांचा मिळून एक खजिना नव्हता. म्हणून वाद वकिलांच्या बोलण्यात लांबत गेला. आणि तिकडे उत्तरेत जून १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांची फौज आणि होळकरांची फौज आपसांतच लढली. एकाच संघाचे दोन खांब एकमेकांवर आदळले. होळकरांचा पराभव झाला. पण खरी हार दोघांचीही होती.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे तापाने महादजींचा मृत्यू झाला. तेथे त्यांची छत्री आहे. त्यांना मुलगा नव्हता. भावाचे नातू दौलतराव त्यांचे वारस झाले.

पुढच्याच वर्षी, मार्च १७९५ मध्ये, बीड जिल्ह्याच्या सीमेजवळ खर्डा येथे निजाम आणि मराठे यांची लढाई झाली. चौथाईच्या थकबाकीवरून हे युद्ध पेटले होते. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले असे सारे एका छावणीत आले आणि संघ जिंकला. सारे सरदार असे एकत्र आले, ते शेवटचेच. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले. १८०० मध्ये नाना फडणीस वारले. १८०२ मध्ये शिंदे आणि होळकर पुण्याजवळ हडपसरला लढले. घाबरलेल्या दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह केला. या वेळी कोणत्याही सरदाराची संमती घेतली गेली नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

आज युरोपात २७ देशांनी मिळून युरोपीय संघ स्थापन केला आहे. फ्रान्स आणि जर्मनी या देशांनी पूर्वी एकमेकांशी भयंकर युद्धे केली. आता ते एकाच संघात आहेत. संघाचा रोजचा कारभार एक आयोग पाहतो. देशांचे मंत्री एका परिषदेत एकत्र बसतात. दर पाच वर्षांनी लोक आपली संसद निवडतात. वाद झालाच, तर लक्झेंबर्ग येथील न्यायालयात जातो. परराष्ट्र धोरणासारख्या गोष्टींत बहुधा सर्व देशांची संमती लागते. त्यामुळे निर्णयाला उशीर होतो आणि लोक कुरकुर करतात. ब्रिटन तर २०२० मध्ये या संघातून बाहेर पडला. पण तोही बोलणी करून, तह लिहून बाहेर पडला. त्यासाठी लाखेरी झाली नाही. मराठ्यांच्या संघात शूर माणसे होती, हुशार कारभारी होते, उत्तम दफ्तर होते. उणीव होती ती भांडण मिटवण्याच्या जागेची. महादजी आणि नाना होते तोवर दोघांच्या शहाणपणाने ती उणीव झाकली गेली. ते गेल्यावर ती उघडी पडली.

महादजींनी मोठमोठ्या लढाया जिंकल्या. पण बीडच्या दर्ग्यात आणि राणेखानाच्या गोष्टीत त्यांचे जे रूप दिसते, तेच लोकांच्या मनात अधिक काळ टिकले. उपकार विसरायचे नाहीत, वेगळ्या धर्माच्या माणसाला आपले मानायचे आणि वैभव आले तरी पाटीलच राहायचे, हे त्यांनी आयुष्यभर पाळले.

शब्दार्थ
भिश्ती – पखालीतून पाणी पुरवणारा
पखाल – पाणी भरण्याची कातड्याची मोठी पिशवी
वस्त्रे – पद दिल्याची खूण म्हणून दिलेला मानाचा पोशाख
नजर – वरिष्ठाला दिलेली भेट, नजराणा
सरंजाम – फौजेच्या खर्चासाठी दिलेला मुलूख
दरखदार – वरिष्ठ दरबाराने नेमलेला कायमचा अधिकारी
कमाविसदार – महसूल वसूल करणारा अधिकारी
मुत्सद्दी – राजकारणात कुशल माणूस
डोईजड होणे – कोणाचे ऐकेनासे होणे, वरचढ होणे
छत्री – मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महादजींचे बीडमधील गुरू कोण होते?
(आ) राणेखान मूळचा कोणते काम करत असे?
(इ) सालबाईचा तह कधी झाला?
(ई) दुअमली कशाला म्हणत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सरदाराचा हिशेब खरा यावा म्हणून पुण्याचा दरबार काय करत असे?
(आ) नाना फडणीसांनी सालबाईच्या तहाला लगेच मंजुरी का दिली नाही?
(इ) एका सरदाराशेजारी दुसरा सरदार नेमण्याचा फायदा कोणता आणि तोटा कोणता?

३. सविस्तर उत्तर लिहा.
मराठा संघात कोणत्या गोष्टी चांगल्या होत्या आणि कोणत्या गोष्टींची उणीव होती? युरोपीय संघाशी तुलना करून लिहा.

४. पुढील शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात, ते लिहा आणि मराठीत त्यांचा वाक्यात उपयोग करा.
वकील, दफ्तर, सनद, हिशेब, नजर

५. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
डोळ्यांत खुपणे, कलंक धुऊन काढणे, उपकार विसरणे, तोंड देणे

६. उपक्रम : तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात भांडण झाले, तर ते कोठे आणि कसे मिटवले जाते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या. ती दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.